वाटेत हरवलेले तीस व्होल्ट

आमच्या वन्सं निपाणीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि घरी विजेला भ्यायच्या. पायात चप्पल घालून, हात पदराला कोरडे पुसून मगच त्या बटणाला बोट लावत. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नाला चार वर्षंही झाली नव्हती तेव्हा त्यांचे यजमान शेताला पाणी पाजताना ओल्या हातानं मोटारीच्या स्टार्टरला शिवले आणि जागीच गेले. वन्सं बोरगावला माहेरी परतल्या, राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि मास्तरीण झाल्या.

मी ओल्या हातानं मिक्सर लावला की त्या ओरडत नसत. शांतपणे म्हणत, "कोरड्या हाताचा रोध लई असतोय. भिजला की हजार ओहमवर येतोय. दोनशे तीसला हजारानं भाग बघू." मी भागाकार करी. "पाव ॲम्पिअरसुद्धा न्हाय. तेवढं माणसाला पुरं होतंय." माझा हात आपोआप मागे येई.

त्यांचं बालपणीचं शिक्षण कानडीत झालं होतं. एरवी मराठीत बोलत, पण भीती वाटली की आकडे कानडीत मोजत. त्यामुळे वन्संच्या तोंडून कानडी आकडे आले की आम्ही सगळे गप्प व्हायचो.

एका उन्हाळी दुपारी वरच्या खोलीत एसी लावून माझी तान्ही लेक झोपली होती. वरचा दिवा मंद वाटला म्हणून वन्संनी शाळेतला मीटर आणला. खाली बोर्डावर दोनशे तीस व्होल्ट होते, वर खोलीत दोनशेच. वायरीतून दहा ॲम्पिअर जात होते.

माझे यजमान म्हणाले, "आक्का, व्होल्टेज कमी असतंयच की आपल्याकडं."

"खाली पुरं हाय, सुकुमार. तीस व्होल्ट वाटेत गेल्यात." मग त्या पुटपुटल्या, "मूवत्तु... हत्तु... मूरु." तिसाला दहानं भागून तीन ओहम. "एवढ्याशा तांब्याच्या वायरीला अर्धासुद्धा नको. तीस गुणिले दहा, मुन्नूरु. तीनशे वॅट. शंभराचे तीन बल्ब भिंतीत कुठंतरी पेटल्यात. पोरीला आधी खाली आण."

मी जिना कसा चढले ते आठवत नाही. लेकीला उचललं तेव्हा खोली नेहमीसारखीच गार होती, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

मेन बंद करून यजमानांनी भिंतीवरून हात फिरवत शोधलं. गाद्यांच्या कपाटामागे हात चटकन मागे आला. कपाट सरकवलं. वायरीच्या जोडाची डबी वितळून खाली ओघळली होती आणि कपाटाची पाठ काळी पडली होती. पलीकडे लागूनच कापसाच्या गाद्या होत्या.

वन्सं जिन्यावर बसल्या. लेकीला मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "ते गेले तवा मला ह्यातलं काय बी येत न्हवतं गं."

गेल्या हिवाळ्यात वन्सं बेळगावच्या दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, "वन्सं, भीती वाटतीय का?"

"वाटतीय की. पर ह्यात मोजायचं काय, तेच कळंना झालंय."

मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.