चार पौंडांचा खुराक

लढाईवर जायला माझं वजन चार पौंडांनी कमी पडलं, आणि त्यापायी आमच्या घरचा नांगर मोडला.

सांगतो. महायुद्ध ऐन भरात होतं. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात घरटी एक जण पलटणीत. आमचे आबा पहिल्या लढाईतले पेन्शनर हवालदार. शिराळ्याकडच्या एका सुभेदारांची मुलगी, हौसा, मला सांगून आली होती. मी तिला एकदाच, नागपंचमीला झोक्यावर बघितलं होतं आणि त्या दिवसापासून माझं जेवणावरचं चित्त उडालं होतं. (वजन तिथूनच उतरायला लागलं, असं माझं मत आहे.) सुभेदारांची अट एकच.

"हवालदार, माजी लेक पलटणीच्या घरात जानार. तुमी तर आता पेन्शनीत. घरातलं एक मानूस वर्दीत दिसलं, की हळद लावा!"

झालं! मी आबांबरोबर साताऱ्याला भरतीला गेलो. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितली, काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "रक्त कमी आहे. लोह पोटात जाऊ द्या. चार पौंड भरून महिन्यानं या."

आबांनी हे वाक्य हुकूम म्हणून घेतलं. घरी येऊन पायातली वहाण काढायच्या आधी त्यांनी आईला सांगितलं, "आजपासनं ह्या घरात लोखंड शिजंल!"

आमच्या गावात डॉक्टर नव्हता, त्यामुळं सगळेच डॉक्टर होते. ज्याचा खोकला सात वर्षं हटला नव्हता, त्यानं मला छातीचा काढा सांगितला. ज्याच्या तोंडात एक दात उरला होता, तो हाडं बळकट करायचा उपाय घेऊन आला. आबांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. पहाटे हळिवाची खीर. मग काळ्या तिळाचे लाडू. दुपारी नाचणीची भाकरी आणि लोखंडी कढईत परतलेला शेवग्याचा पाला. मधल्या वेळेला गूळ-शेंगदाणे. हाडांसाठी ताकात गव्हाएवढा चुना. लोखंड झालं, चुना झाला, माझ्या पोटात घर बांधायला आता फक्त विटा तेवढ्या कमी होत्या!

त्यात आबांचा पलटणीचा दस्तूर. शिपायांच्या ताटात पडायच्या आधी जेवण हवालदारानं चाखायचं.

"आवं, किती चाखताय?" आई म्हणायची. "निम्मी खीर सपली की!"

"गप गं. एका घासात काय कळतंय? उद्या पोराला बाधलं म्हंजे?"

लाडू तर ते दोन-दोन चाखायचे. एक वरच्या थराचा आणि एक डब्याच्या तळाचा, दगाफटका नको म्हणून.

आठवडा गेला तरी माझी पापणी आबांना फिकीच दिसत होती! मग त्यांना एक जालीम उपाय आठवला. तापलेलं लोखंड ताकात विझवायचं आणि ते ताक प्यायचं. घरात मोठं लोखंड एकच, नांगराचा फाळ. आबांनी फाळ काढला, चुलीत लालभडक केला आणि ताकाच्या घंगाळात बुडवला. चर्रर्र! असा आवाज झाला की दावणीची म्हैस दावं तोडून परसात पळाली.

"पी!" आबा म्हणाले. मग दस्तूर आठवून आधी स्वतःच तांब्याभर प्यायले.

हे रोज सकाळी चाललं. तिसऱ्या आठवड्यात आबांनी तो फाळ परत नांगराला ठोकला आणि रानात जाऊन नांगरटीचं पहिलंच तास धरलं. पंधरा पावलांवर खट्! फाळाचे दोन तुकडे. त्या हिसक्यानं नांगराचं लाकूडही उभं चिरलं. लोहारानं तुकडा हातात घेऊन बघितला.

"हवालदार, ह्येला रोज तापवून कुणी बुडिवला?"

आबा आभाळाकडं बघायला लागले. आई मात्र घरी म्हणालीच, "पोराच्या अंगात किती लोखंड गेलं द्येवाला ठावं. नांगरातनं मातुर समदं गेलं!"

महिना भरला. तालुक्याच्या वखारीतल्या काट्यावर माझे तीन पौंड भरले. एक पौंड कमी! आबांनी तो साताऱ्याच्या वाटेवर भरून काढायचं ठरवलं. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार होती. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. मी उठलो, तर आबा ओरडले, "बस खाली! ढकलशील तर वजन उतरंल! तू लाडू खा!" ते स्वतः उतरले आणि मोटार ढकलू लागले. मी एकटा आत बसून लाडू खात होतो. खालून बाकीचे उतारू माझ्याविषयी जे बोलत होते ते इथं लिहिता येत नाही.

साताऱ्यात उतरल्यावर सहा केळी आणि दोन तांबे पाणी.

"आबा, मला जरा आडोशाला..."

"वजन हुईस्तवर काय बी भायेर टाकायचं न्हाई! दम धर!"

धरला. काट्यावर उभा राहिलो. वजन बरोबर भरलं! मला हळदीचा वास यायला लागला. तेवढ्यात डॉक्टरांनी छातीला टेप लावली.

"श्वास घेऊन छाती फुगवा."

मी श्वास घेतला. तो आत येईना. आत जागाच नव्हती!

"फुगवा!"

जोर केला, तर श्वास जाण्याऐवजी तिळाच्या लाडवाचा ढेकर बाहेर आला, तो थेट डॉक्टरांच्या तोंडावर. टेप सूतभरही हलली नाही.

"नापास."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हौसा गेली. एवढं खाऊनही गेली!

दारातून आबा तीरासारखे आत आले. टाच आपटून असा सॅल्यूट ठोकला की टेबलावरची दौत कलंडली. "हुजूर, आनखी येक संधी!" पण टेबलामागचे भरतीचे साहेब माझ्याकडं बघतच नव्हते. ते आबांकडं बघत होते. पंचेचाळिशी ओलांडलेला गडी, गाल लाल, दंड टणक, मोटार ढकलून छाती भात्यासारखी चाललेली. टेप लावली, तर आबांची छाती चार बोटं फुगली. रंगरुटांना कवायत शिकवायला जुने हवालदार हवेच होते. साहेबांनी तिथंच आबांच्या भरतीचा कागद केला.

मी एकटाच घरी आलो. आई दारातच उभी.

"आरं, भरतीला तुला न्हेला हुता न्हवं? बाप कुटं हाय?"

आठ दिवसांत सुभेदार आले. मी कडब्याच्या गंजीमागं लपलो.

"मग? वर्दीत गेलं का कोन?"

"गेलं की," आई म्हणाली. "आमचं ह्ये."

सुभेदारांनी मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, "घरातलं एक मानूस म्हनलं हुतं. कंचं, त्ये म्हनलं न्हवतं. शब्द तो शब्द. लावा हळद!"

लग्नाला आबा रजेवर आले, वर्दीत. मुलीकडच्या सगळ्या बायका मांडवात आबांनाच बघत होत्या.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. घरी पाहुणे आले आणि भिंतीवरचा आबांचा वर्दीतला फोटो बघून त्यांनी विचारलं, "लढाईला घरातलं कोन गेलं हुतं?" की हौसा पदर सावरून सांगते, "मामंजी गेलं हुतं." मग पाहुणे माझ्या पोटाकडं बघतात, आणि ती पुढं म्हणते, "ह्येंनी नुसता खुराक खाल्ला!"