हे मी लिहिलेलं नाही

साहेबांनी माझा अहवाल दोन बोटांत धरला. नाकाजवळ नेला. म्हणाले, "बोंबलाचा वास येतोय रे ह्याला. खिडकी उघडा कुणीतरी."

पालघरच्या ऑफिसात आम्ही सहाजण होतो माना खाली घालून बसलेले. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचीच आज जास्त लाज वाटते.

मी दांडीचा, पालघरच्या किनाऱ्यावरच्या गावचा. बाप बोटीवर, आई मासळी विकणारी. गुप्तवार्ता खात्यात लागलेला गावातला पहिलाच. घरी सांगितलं होतं, सरकारी कारकून आहे. पण गावापासून किती दिवस लपणार? लोकांना कळलं. तरी ते माझ्याशी बोलायचे. अनोळखी बोट दिसली, खडकात बेवारस पिंप अडकलं, की पहिला फोन मला. मी त्यांना एकच शब्द दिला होता. तुमचं नाव कुठे जाणार नाही.

सगळ्यात जास्त खबर द्यायची जनीमावशी. आईची मैत्रीण. साठी उलटलेली, एकटी, बोंबील वाळवून जगणारी.

मग एका प्रकल्पासाठी किनाऱ्यावर मोजणी आली. बायका वाळूत बसल्या, मोजणी बंद पाडली. ह्यांच्यामागे कोण आहे ते शोध, असा मला हुकूम. मी मावशीच्या ओट्यावर जाऊन बसलो. ती म्हणाली, "वाळवायची जागाच गेली तं आमी काय खावं? आमाला शिकवाया कोण नाय आलं, बाबू. पोट हाय ना आमाला."

मी तेच लिहिलं. बाहेरचा हात नाही. लोकांना पोटाची भीती आहे. नाव लिहिलं नाही.

पण साहेबांनी तोंडी विचारलं, "तुला हे सांगितलं कोणी?" आणि मी सांगितलं. साहेब आपलेच, खात्यातलेच, असं वाटलं. माझा शब्द मीच मोडला, दुसऱ्या कुणी नाही.

आठ दिवसांनी मावशीला पोलिसांनी उचललं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यात फरशीवर बसवलं. पाणी मागितलं तर थांब म्हणाले. हातात सुनावणीची नोटीस दिली. बाहेरच्यांच्या सांगण्यावरून गावाला भडकवते, म्हणून.

मी तिच्या दारात गेलो. तिने आत बोलावलं नाही.

"माझं नाव तूच दिलंस ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. मान हलवली.

"आता समिंदरात कायपण दिसू दे. आमी कोणाला सांगणार नाय." तिने दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून फोन बंद. बंदरावर मी दिसलो की बोलणं थांबायचं. आईकडून मासळी घेणाऱ्या बायका पुढे निघून जायच्या. घरी आई नुसती जेवण वाढायची.

पुढच्या सोमवारी साहेबांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. अहवाल माझ्या नावाचा. आत मावशीचं नाव, बाहेरची फूस, देशविरोधी हालचाली. मी कधी न लिहिलेलं सगळं.

"सही कर."

"साहेब, हे मी लिहिलेलं नाही."

"तुला इथे घेतलं ते तुझ्या भाषेसाठी. डोकं चालवायला नाही. तुझ्या लोकांत शिरता येतं तुला, तेवढंच तुझं काम."

तुझ्या लोकांत. सात वर्षं मी ह्या माणसाला दार उघडत होतो. माझ्या आईच्या घराचं.

मी पेन घेतलं. कागदावर आडवं लिहिलं, 'हा माझा अहवाल नाही.' खाली सही केली. साहेब उभे राहिले. "नोकरीवर पाणी सोडतोयस." मी म्हणालो, "हो." पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडलो.

आता मी निलंबित आहे. गाव अजून बोलत नाही. मावशीने माफ केलेलं नाही, आणि मी मागणारही नाही. खात्यातले जुने मित्र सांगतात, गुपित फोडलंस तर आत जाशील. जाईन. तिची सुनावणी पालघरला पुढच्या गुरुवारी आहे. मी शपथेवर सांगणार, मी काय लिहिलं होतं, ते कोणी बदललं, आणि तिचं नाव कोणाच्या तोंडून गेलं. तेही सांगणार. माझ्या तोंडून.

मला वकील मिळालेला नाही. मी एकटाच उभा राहणार.