रूथ आजींना लपवणारी ॲना

मंडळी, आज दुपारी वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत आमच्या शेजारच्या रूथ आजी बोलल्या. नाझी ज्यूंना पकडून नेत होते, तेव्हा चार वर्षांच्या रूथला हॉलंडमधल्या ॲना नावाच्या ख्रिश्चन बाईनं 'माझी भाची' म्हणून घरात ठेवलं. घरात तिची स्वतःचीही लहान मुलं होती. नाझींना कळलं असतं, तर कुणाचीच धडगत नव्हती.

माझ्या लेकीनं विचारलं, "वॉजन्ट शी स्केअर्ड?"

"खूप घाबरायची," आजी म्हणाल्या. "दार वाजलं की जास्तच. तरी आधी मला कडेवर घ्यायची, मगच दार उघडायची."

ॲनासाठी आम्ही सगळे उभे राहिलो.

गाडीत लेक म्हणाली, "आई, वुड यू हाइड समवन लाइक दॅट?"

मला पटकन 'हो' म्हणता आलं नाही. तुम्हाला आलं असतं?