पाणंदीतली स्कूटर

स्कूटर जोरात चालवायला अक्कल लागत नाही, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. डांबरी रस्त्यावर मी दोन दिवसांत तयार झाले. घोडं अडलं ते आमच्या पाणंदीत. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधे जेमतेम दोन हात वाट आणि त्यात एक वळण. इथे रिक्षा शिरत नाही, आणि रस्त्यापर्यंत चालत जायला सासूबाईंचे गुडघे तयार नाहीत.

त्यांचं माहेर तोंडवलीला. तिथल्या जत्रेला माहेरवाशिणीने देवीची ओटी भरायची, हा रिवाज. दोन वर्षं त्यांची ओटी भावजयीच्या हातून गेली. जत्रेच्या दिवशी त्यांना घास उतरत नव्हता हे मी पाहिलं होतं. म्हणून यंदा मीच कबूल करून बसले की पाणंद मी स्कूटरवरून पार करून देते, पुढे रस्त्यावर रिक्षा बोलावू.

शिकवायला शेजारचे काका होते, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. हात पाठीमागे बांधून ते पुढे रमतगमत चालायचे आणि मी स्कूटर घेऊन त्यांच्या मागे. पाय टेकायचे नाहीत आणि त्यांना मागे टाकायचं नाही. किंचित रेस ठेवायची आणि मागचा ब्रेक डाव्या हाताने हलका धरायचा.

"जंय बघशीत थंय जातलंस," ते सांगायचे, म्हणजे नजर जिथे, गाडी तिथे. "फुडे बघ."

पुढे बघणार कशी? आमच्या वाडीत घराबाहेर पाऊल पडलं की प्रत्येक अंगणातून "खंय चललंस गो?" अशी कुठे निघालीसची चौकशी येतेच. उत्तर न देता गेलं की संध्याकाळपर्यंत "गाडी इली नि मिजास इली" असं वाडीभर होतं. आणि उत्तर द्यायचं तर माणसाकडे बघायला नको? मी वळणावर मान वळवली, "खंय नाय, शिकतंय" म्हणाले आणि विचारणारीच्याच गवताच्या उडवीत शिरले. लागलं नाही, पण केसांतलं गवत दोन दिवस निघत होतं. काकांना हसू आवरेना. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. माझं हसं झालं तर झालं, पण मागे म्हातारी असताना असं झालं तर?

ती भीती मी सासूबाईंना सांगून टाकली. त्या म्हणाल्या, "तू गाडी बघ. लोकांचा मी बघतंय."

जत्रेच्या सकाळी त्या हिरवं लुगडं नेसून मागे बसल्या आणि माझा खांदा घट्ट धरला. ओटीची पिशवी काकांनी आधीच रिक्षेत नेऊन ठेवली होती. पहिल्या अंगणातून हाक आली, "काकी, खंय चललास?"

"माहेराक. सून व्हरता माका."

सून माहेरी नेतेय हे त्या सांगत होत्या आणि मी समोर बघत राहिले. दुसऱ्या अंगणालाही तेच उत्तर, जरा मोठ्याने. वळणावर उडवीवाली उभीच होती. तिला तर उत्तर दोनदा मिळालं. वळण कधी गेलं ते मला डांबर दिसल्यावर कळलं. पाय एकदाही टेकला नव्हता, आणि मला लहान पोरीसारखा आनंद झाला.

रिक्षेजवळ मी थांबले. सासूबाई उतरेनात.

"रिक्षेत कोण विचारता?" त्या म्हणाल्या. "तू चल."

मी निघाले. मागून रिक्षा, आत एकटी ओटीची पिशवी. रस्ता मोकळा होता, मी जरा वेग घेतला. लगेच खांद्यावर थाप पडली.

"हळू चालव गो. फुडे कट्टा गावचो बाजार आसा, थंय सगळे विचारतले."

मी डावा ब्रेक हलकाच धरला.