कडू असतं म्हणून

बाबा गेल्यावर आईने स्पॅनिशचा ऑनलाइन वर्ग लावला. काल तिथे आपल्याला काय आवडतं ते सांगून त्याचं कारण द्यायचं होतं.

“मे गुस्ता कारलं,” म्हणजे मला कारलं आवडतं, असं आईने सांगितलं. मी बघतच राहिले. बाबांना कडू सोसत नसे, त्यामुळे आमच्या घरात कारलं कधी शिजलंच नाही.

“तब्येतीला चांगलं म्हणून ना?” शिकवणाऱ्या बाईंनी पुस्तकातलं कारण सुचवलं.

“नाही हो बाई, कडू असतं म्हणून! कडूला काय म्हणतात तेवढं सांगा.”

जन्मभर ‘मला काहीही चालेल’ म्हणणारी माझी आई आयतं कारण घेईना. बाबांच्या आठवणीने माझे डोळे भरले, तरी तिच्या अभिमानाने मान ताठ झाली.

आज मी कारली आणली. चिरल्यावर कडूपणा काढायला मीठ मात्र चोळलं नाही.