कारणाचा रकाना भरणारे प्रल्हादराव

कामरगावकडच्या आमच्या बियाणे उत्पादक संस्थेत मी संगणकाच्या नोकरीसाठी आलो, तेव्हा सचिव प्रल्हादराव ढोबळे गोदामात पोत्यांजवळ उभे होते. त्यांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि सोयाबीनचे दोन दाणे चावायला दिले. एक कटकन फुटला, दुसरा दाताखाली दबला. दबलेल्या दाण्यात ओल असते, हे संगणकाला शिकवता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. पुढे बरीच वर्षं मला त्याची लाज वाटत राहिली.

कोणाचा माल बियाणं म्हणून घ्यायचा आणि कोणाचा नाही, याचे सगळे नियम प्रल्हादरावांच्या डोक्यात आणि त्यांच्या रजिस्टरात असत. ओलावा किती चालेल, मळणीयंत्र जोरात फिरवून दाण्याची साल तडकली असेल तर काय करायचं, हे सारं त्यांना तोंडपाठ. माझ्या पहिल्याच प्रोग्रॅममध्ये मी ओलाव्याची अट उलटी घातली आणि कडक वाळलेला माल नाकारला जाऊ लागला. चिडलेले सभासद माझ्या टेबलाभोवती जमले, तेव्हा प्रल्हादराव मध्ये उभे राहिले. "सांगनारा मीच होतो, मलेच बोला," एवढंच ते म्हणाले. नंतर त्यांनी मला आपल्या डब्यातली भाकर खायला लावली आणि चुकीबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

संस्था वाढली, तीन केंद्रं झाली आणि एकाच प्रतीच्या मालाला तीन ठिकाणी तीन निकाल मिळू लागले. त्यात प्रल्हादरावांची निवृत्ती जवळ आली. तेव्हा नियम सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. म्हणजे असं, की नियम प्रोग्रॅमच्या पोटात पुरलेले नसतात, ते वेगळे लिहिलेले असतात, आणि प्रतवारी करणाऱ्या बायकासुद्धा ते वाचू व बदलू शकतात.

दोन कंपन्या आल्या. पहिलीचं सॉफ्टवेअर देखणं आणि चपळ होतं. माझा जीव त्याच्यावर जडला होता. दुसरीचं अगदीच बाळबोध दिसे. प्रल्हादरावांनी दोघांचीही भाषणं ऐकली नाहीत. त्यांनी रजिस्टरातले नियम दोन्हीत भरायला लावले आणि मागच्या हंगामात आलेल्या मालाच्या तपासणीची कार्डं दोन्हीतून काढायला सांगितली.

नदीकाठच्या एका गावचं कार्ड आलं. पहिल्या सॉफ्टवेअरने क्षणात ‘थांबवा’ म्हटलं. दुसऱ्यानेही थांबवलं, पण खाली नियम दाखवला: या गावच्या मालाची उगवण दोनदा तपासावी. शेजारी ‘कारण’ असा रकाना होता आणि तो रिकामा होता. कंपनीच्या माणसाने विचारलं, इथे काय लिहू? कोणालाच सांगता येईना. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ते किती उगवतात हे पाहायला आठवडा जातो. त्या गावचा निकाल दरवर्षी सगळ्यांच्या मागून लागत आला होता.

प्रल्हादरावांनी जुनी रजिस्टरं काढली. एका वर्षी नदीचं पाणी त्या गावच्या खळ्यांत शिरलं होतं, म्हणून तेवढ्या हंगामापुरता हा नियम त्यांनीच लिहिला होता. ‘याच वर्षापुरता’ हे शब्द मात्र राहून गेले होते. दर जूनला नवं रजिस्टर घालताना आम्ही जुने नियम जसेच्या तसे उतरवत आलो, ती आमची पद्धतच.

ते गाव बहुतेक बौद्ध शेतकऱ्यांचं. तिथले लोक या गोष्टीचा काय अर्थ लावत असतील, हे आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. निवृत्तीच्या तोंडावर प्रल्हादरावांच्या नावाला बट्टा लागू नये, म्हणून नियम गुपचूप काढून टाकू, असं मीच सुचवलं. "नियम तं खोडता येते. त्या लोकाइच्या मनातलं कसं खोडाचं?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते रजिस्टर आणि मला घेऊन त्या गावी गेले. विहारासमोर जमलेल्या लोकांना त्यांनी ते पान दाखवलं, चूक माझी आहे असं सांगितलं आणि हात जोडले. मग कमलताई वानखडे, आमच्या तिथल्या सर्वांत जुन्या सभासद, उभ्या राहिल्या. "आमच्याच मालाले दोनदा काहून पाह्यतेत, हे आमी कदी इचारलं नाही," त्या म्हणाल्या. "काय उत्तर येईन याचं भेव होतं."

प्रल्हादरावांच्या डोळ्यांत मी प्रथमच पाणी पाहिलं. परत आल्यावर त्यांनी दुसरं सॉफ्टवेअर निवडलं. काही संचालक कुरकुरले, कारण त्यात संस्थेच्या चुका कोणालाही दिसणार होत्या. त्यासाठीच ते घ्यायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. आता आमच्याकडे कारण आणि मुदत लिहिल्याशिवाय एकही नियम चढत नाही, आणि निकालाच्या चिठ्ठीवर सभासदाला कारण छापून मिळतं. माझी निवड चुकली होती, हे मी या गौरवग्रंथात आनंदाने लिहून ठेवतो.

प्रल्हादरावांची एकसष्टी आम्ही साजरी करत आहोत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही इच्छा माझी एकट्याची नाही. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी कमलताईंना विचारलं, की तुमच्या वतीने काय लिहू? त्या म्हणाल्या, "त्यायले म्हना, तब्येत सांभाळा अन् लय जगा. आमी आता कुठं इचाराले लागलो."