औरिकाची चौदा वर्षं

रोजगार कचेरीतल्या रझ्वानने औरिकाचा बायोडाटा टेबलावर पसरला आणि मधल्या कोऱ्या जागेवर पेनाचं टोक टेकवलं. पोरगा पंचविशीचा. वाईट नव्हता बिचारा, पण कुणाच्या आयुष्यावर असं टोक टेकवू नये हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"औरिकाबाई, ही चौदा वर्षं रिकामी दिसतायत. रिकामी जागा चांगली दिसत नाही."

"रिकामी?" औरिका ताडकन म्हणाली. "अरे बाबा, त्या चौदा वर्षांत मला पाठ टेकायला मिळाली नाही!"

हुश गावात हे कुणाला माहीत नव्हतं? होजिअरीचा कारखाना बंद पडला, नवरा आधीच दुसरीबरोबर निघून गेलेला, घरात सहा वर्षांची इलिंका. गावातल्या निम्म्या बायका चौकातून मिनीबस पकडून इटलीला म्हाताऱ्यांची सेवा करायला जात होत्या. औरिकाही गेली. पोरीला थोरल्या बहिणीकडे, लिओन्तिनाकडे ठेवलं आणि वर्षभरात परत येते म्हणाली. तिथे ब्रेशा शहरात ओताव्हिया नावाच्या म्हातारीकडे राहिली. तिला उचलायची, धुवायची, भरवायची, रात्री अपरात्री तिच्या हाका ऐकायची. म्हातारी आधी नावं विसरली, मग माणसं विसरली, शेवटी गिळायचं विसरली. औरिका तिथेच. कागद मात्र एक नाही. पगार पाकिटातून, आणि ते पाकीटही म्हातारीचा मुलगा फाउस्तो उपकार केल्यासारखा पुढे करायचा.

म्हातारी गेली, औरिका घरी आली. त्याच वर्षी गावाच्या टेकडीखाली नवा वृद्धाश्रम उघडला. जो तो म्हणाला, "औरिका, ही तर तुझीच नोकरी!" तिलाही तसंच वाटलं. पुन्हा त्या मिनीबसमध्ये बसायचं नव्हतं तिला. आपल्या गावात, आपल्या पोरीजवळ राहून पोट भरायचं होतं. एवढंच मागणं. पण आश्रमाने दोनदा अर्ज परत पाठवला. अनुभव नाही म्हणे!

"तिकडच्या घरून एक चिठ्ठी आणा," रझ्वान म्हणाला. "दोन ओळी पुरतील."

म्हणून तिने फाउस्तोला फोन केला. तो आधी गोड बोलला, तब्येत विचारली. चिठ्ठीचं नाव काढताच आवाज बदलला.

"औरिका, समजून घे जरा. असं काही लिहून दिलं तर करवाले आमच्या मानगुटीवर बसतील. आई गेली, आता कशाला उकरून काढायचं? आणि आम्ही तुला तिचा कोट दिला होता की."

कोट! चौदा वर्षं ज्याच्या आईला पोटच्या पोरीसारखं न्हाऊ घातलं, तो माणूस कोटाचा हिशोब सांगतो. त्या कोटाला काय चाटायचंय? वर म्हणतो, कुणी विचारलं तर मी तुला ओळखत नाही असंच सांगेन, राग मानू नकोस. राग मानू नकोस! लाज नावाची गोष्ट घरात ठेवली होती की तीही आईबरोबर पुरली?

रझ्वानने सगळं ऐकून मान हलवली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक करता येईल. सगळ्याच बायका करतात. त्या जागी लिहा, 'घरी, अपत्यसंगोपन'. वाचायला छान वाटतं, कुणी पुरावा मागत नाही. आणि वर लिहा, उत्साही, हसतमुख. फोटोही जरा हसरा लावा."

"हसरा," औरिका म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

संध्याकाळी घरी मक्याच्या पिठाची मामालिगा आणि चीज खाऊन झाल्यावर इलिंकाने लॅपटॉप उघडला. इलिंका आता बेकरीत गल्ल्यावर बसत होती. टायपिंग तिचंच काम.

"हं, सांग. त्या जागी काय लिहू?"

"लिही, घरी होते."

"आणि?"

"मुलगी सांभाळत होते." औरिकाने ताटं उचलायला घेतली.

कळांचा आवाज थांबला.

"कुठली मुलगी?" इलिंकाने विचारलं.

"नाटकं करू नकोस. लिही म्हटलं ना."

"नाही, मला कळू दे ना. मला बहीण आहे का कुठे? कारण मला तर लिओन्तिना मावशीने सांभाळलं. मला ताप यायचा तेव्हा तू फोनमधून सांगायचीस, कपाळावर ओला रुमाल ठेव. शाळेच्या नाटकात मी वळून वळून दाराकडे बघत होते. आणि आता मीच टाईप करू की तू इथे होतीस?"

"मग काय लिहू?" औरिकाचाही तोल सुटला. "परक्या म्हातारीचं ढुंगण धुतलं असं लिहू? तो मेला फाउस्तो ओळखच दाखवत नाही! त्याचा पुरावा कुठून आणू?"

"आणि ह्याचा आहे पुरावा?"

"ह्याला लागत नाही!"

"माझ्याकडे विचारायला कुणी येत नाही, म्हणून?"

औरिकाने ताटं परत टेबलावर ठेवली. म्हणाली, "तुझ्यासाठीच गेले होते गं."

"माहितीये मला. म्हणून तर हे खोटं लिहिणार नाही. माझ्याजवळ नव्हतीस ते नव्हतीस, निदान जिथे होतीस ते तरी तुझ्या नावावर लागू दे."

आणि पोरीने खटाखट टाईप केलं: ब्रेशा, इटली. वृद्ध, अंथरुणाला खिळलेल्या बाईची सेवा. चौदा वर्षं. करार दिला गेला नाही. खाली संदर्भाच्या जागी स्वतःचं नाव आणि नंबर टाकला.

"संदर्भ म्हणून कुणी मुलीचं नाव देतं का? हसतील लोक."

"हसू देत. त्या फाउस्तोपेक्षा बरी आहे मी."

आश्रमाच्या संचालिका कॉर्नेलियाबाईंनी तो कागद दोनदा वाचला. चष्म्यावरून औरिकाकडे पाहिलं. "मुलीची साक्ष? आईची बाजू घेणारच ती."

"फोन लावून बघा," औरिका म्हणाली.

बाईंनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मागे बेकरीतला गलका ऐकू येत होता.

"तुमच्या आईने चौदा वर्षं इटलीत वृद्धसेवा केली, असं तुम्ही खात्रीने सांगू शकता?"

"नाही," इलिंका म्हणाली.

औरिकाने निघायच्या तयारीने पिशवी उचलली.

"ती तिकडे काय करत होती ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, बाई. मला कधी नेलंच नाही. मी एवढंच सांगू शकते, ती इथे नव्हती. एकाही वाढदिवसाला नव्हती. शाळेत विचारा, चर्चमध्ये विचारा, गल्लीत कुणालाही विचारा. मी सहाची होते तेव्हा गेली ती मी वीस वर्षांची झाल्यावर आली. आता एवढी वर्षं आपल्या लेकराला सोडून कुणी तिथे हवा खायला जात असेल, तर तसं लिहा तुमच्या कागदावर."

गलक्यात कुणीतरी पाव मागत होतं. फोन बंद झाला.

कॉर्नेलियाबाईंनी कागदावर सही केली, हळूच शिक्का मारला आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या."

औरिकाने मान हलवली, पण खुर्चीतून उठली नाही. लेकीजवळ नसल्याच्या साक्षीवर नोकरी मिळाली होती, आणि तिला कुणाच्या तरी थोबाडीत मारावंसं वाटत होतं; फक्त कुणाच्या, ते ठरत नव्हतं.